मधली माती

बहुतेक बागांमध्ये एक जागा अशी असते जिथे लॉन टिकत नाही. आंब्याच्या दाट सावलीतली, घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागलेली, नाहीतर सोसायटीच्या दोन इमारतींमधली चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात लॉनचे तुकडे आणून अंथरले जातात, दिवाळीपर्यंत ते हिरवे असतात, संक्रांतीला विरळ होतात आणि होळीच्या सुमाराला तिथे पुन्हा उघडी माती दिसू लागते. गवताला ऊन लागतं आणि त्या जागेला ऊन मिळत नाही. यात माळ्याचा दोष नाही, पाण्याचा नाही आणि खताचाही नाही.

आजचं मनन त्या जागेपाशी करायचं आहे. जमलं तर खरोखरच तिथे जाऊन बसा. पाट घ्या, गोणपाट घ्या, गुडघे दुखत असतील तर ठेंगणं स्टूल घ्या. जमिनीच्या जितकं जवळ बसता येईल तितकं बसा, कारण ज्या रोपाविषयी बोलायचं आहे ते उभ्याने नीट दिसत नाही. फोन घरात राहू द्या. खुरपंही आज लागणार नाही.

आधी रोप मनात आणूच नका. नुसती माती बघा.

ती कुठे घट्ट झाली आहे, कुठे भुसभुशीत आहे? झाडाची बोटभर जाडीची मुळं वर आली आहेत का? आता घराच्या जोत्याकडे बघा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत वाळलेल्या चिखलाचे शिंतोडे दिसतील. ते गेल्या पावसाळ्याने टाकलेले. उघड्या मातीवर थेंब आपटतो तेव्हा तो मातीचे कण उडवतो. हलके कण पाण्याबरोबर वाहून जातात, उरलेला वरचा थर दबून कडक होतो आणि पुढचा पाऊस मुरायच्या ऐवजी वाहायला लागतो. झाडाखाली पाऊस थोपवला जातो असं आपण धरून चालतो. पण पानांवर साचून पडणारे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा मोठे असतात. भिंतीवरचे ते शिंतोडे म्हणजे तुमच्या बागेतून उठलेली माती आहे. ती काही क्षण बघत राहा.

जंगलात जमीन अशी उघडी राहत नाही. तिच्यावर पालापाचोळा असतो, त्यातून नेचे आलेले असतात, सावलीत वाढणारी छोटी झुडपं असतात. बागेत आपण झाडाखालचा पालापाचोळा रोज सकाळी खराट्याने झाडून नेतो आणि मग तिथे काहीच उगवत नाही म्हणून हळहळतो. तेव्हा या जागेची पहिली गरज शोभेची नाही. तिला पांघरूण हवं आहे.

बसल्या बसल्या उजेडाकडेही लक्ष द्या. सकाळी नऊला इथे ऊन येतं का, दुपारी बाराला किती वेळ थांबतं, चारनंतर पश्चिमेचं तिरपं ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचतं का, हे एकाच बैठकीत कळणार नाही. चार वेगवेगळ्या वेळांना येऊन बघा. पुढे जे लावायचं ते ठरवायला एवढी माहिती पुरते, आणि ती तुमच्याऐवजी दुसरं कोणी देऊ शकत नाही.

आता रोपाकडे वळूया.

पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांमध्ये ते ‘मोंडो ग्रास’ म्हणून काळ्या पिशवीत मिळतं. नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ऑफिओपोगॉन जापोनिकस, आणि कूळ शतावरीचं. निशिगंध, घायपात, सफेद मुसळी ही सगळी याच कुळातली. त्यातल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवली आहे. मोंडो ग्रासचं घर जपान, चीन, कोरिया, व्हिएतनाम या भागात. पण याच वंशातलं एक भावंड हिमालयात आणि दक्षिण भारतातल्या डोंगररांगांत आपलं आपण उगवतं. म्हणजे रोप बाहेरून आलेलं असलं तरी त्याचं गोत आपल्याला परकं नाही.

पिशवीतलं एक रोप आणून समोर ठेवा. लगेच लावू नका. पानं बघा. दोन-चार मिलिमीटर रुंद, गडद हिरवी, जाडसर. खोड दिसत नाही. सगळी पानं जमिनीलगतच्या एका गड्ड्यातून निघतात, थोडी वर जातात आणि मग हव्या त्या दिशेला वाकतात. नेहमीच्या जातीची पानं वीतभर किंवा त्याहून थोडी लांब होतात, बुटक्या जातीची जेमतेम बोटभर. झोपेतून उठलेल्या लहान मुलाच्या केसांसारखा हा झुबका दिसतो, आणि तो विंचरायची इच्छा आवरावी. त्या विस्कटलेपणामुळेच एक रोप कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे पुढे कळेनासं होतं.

एक पान बोटांच्या चिमटीत धरा आणि बुडाकडून टोकाकडे बोटं सरकवा. गुळगुळीत लागेल. आता कडेवरून अगदी हलक्या हाताने उलट, टोकाकडून बुडाकडे या. किंचित खरखर जाणवेल; पानाच्या कडेला अतिशय बारीक दाते असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. हा स्पर्श लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

पिशवी काढा. एका बादलीत पाणी घेऊन मुळं त्यात हलवून माती सुटू द्या. इथे या रोपाची खरी ओळख होते. दोरीसारखी बारीक मुळं आहेत आणि त्यांच्यावर जागोजागी फुगीर, पांढुरक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या गाठी आहेत. शतावरीची मुळं पाहिली असतील तर त्यांचंच हे छोटं रूप. या गाठींत पाण्याचा आणि अन्नाचा साठा असतो. एखादा आठवडा पाणी चुकलं तर रोप याच साठ्यावर निभावतं. चिनी वैद्यकात या गाठी सुकवून औषधात वापरतात, आणि त्यांच्यासाठी चीनमध्ये या रोपाची मोठी शेती होते. सिच्वान आणि च-च्यांग हे त्या शेतीचे जुने प्रांत. सिच्वानात लावणीनंतरच्या वर्षी गाठी काढतात. च-च्यांगमध्ये शेतकरी त्याहून जास्त काळ थांबतो. आपल्याला गाठी खायच्या नाहीत आणि घरच्या घरी औषध म्हणूनही वापरायच्या नाहीत. मात्र झुबक्याच्या बुडाकडून आडवी निघालेली एखादी पांढरी, सुतळीएवढी फांदी सापडते का ते बघा. ती जमिनीखालून थोडं अंतर जाते आणि टोकाला नवा झुबका उभा करते. पुढचं सगळं मनन त्या पांढऱ्या फांदीभोवती आहे.

जपानमध्ये हे रोप जंगलाच्या सावलीत आपोआप वाढतं आणि बागेतही फार जुन्या काळापासून लावलं जातं. पुणेकरांना जपानी बाग म्हटलं की सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवेल. ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. कोराकुएन इ.स. 1700 मध्ये पूर्ण झाली, ती इकेदा घराण्याच्या सरदारासाठी, आणि मोकळ्या उन्हातली विस्तीर्ण हिरवळ ही तिची ओळख. मोंडो ग्रास शोभतं ते दुसऱ्या प्रकारच्या जपानी बागेत. क्योतोच्या जुन्या लाकडी घरांत दोन खोल्यांच्या मध्ये चटईएवढं अंगण असतं. त्यात एक दगडी पाणवठा, एखादं झाड, दोन-तीन शिळा, आणि वरून येणारा जेमतेम उजेड. तिथे दगडाच्या पायथ्याशी, पायऱ्यांच्या कडेला, वळचणीखाली हे रोप लावतात.

त्या दगडाकडे मनाने जरा थांबून बघा. दगड जमिनीला टेकतो तिथे एक रेघ तयार होते. तिथे काहीच नसेल तर दगड नुसता आणून ठेवल्यासारखा वाटतो. त्याच रेघेवर चार झुबके आले की दगड जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो. जपानी माळी झाडाच्या बुंध्याशी आणि शिळेच्या पायाशी अशी ठेंगणी रोपं मुद्दाम लावतात, आणि मला वाटतं या कामात त्यांच्या तोडीचं दुसरं कोणी नाही. आपल्याकडे तुळशीवृंदावनाचं जोतं आणि फरशी यांच्या मधली रेघ, विहिरीचा कठडा, अंगणातली पायरी या जागा अशाच बघता येतील. क्योतोत शेवाळही असतं, आणि त्याचा मोह आपल्याकडच्या पुष्कळ बागप्रेमींना पडतो. पण पुण्यात शेवाळ पावसाबरोबर येतं आणि ऑक्टोबरच्या उन्हाबरोबर जातं. मोंडो ग्रास बारा महिने हिरवं राहतं.

युरोपला हे रोप कळलं अठराव्या शतकात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून 1775 मध्ये नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्या बेटावर उतरला. परक्यांना बेटाबाहेर मोकळं हिंडायची परवानगी नव्हती. तेव्हा बेटावरच्या जनावरांसाठी रोज जो चारा येई, तो उचकून थुनबर्ग त्यातून वनस्पतींचे नमुने वेचत असे. पुढे 1784 मध्ये त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि त्यात हेही रोप आहे. चाऱ्याच्या भाऱ्यापाशी वाकून बसलेला तो माणूस मला या मननासाठी फार जवळचा वाटतो. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्याने पायाशी असलेलं बघितलं, आणि बघितलं ते मनापासून.

आता आपल्या पट्टीवर परत या. लावणीचा विचार करूया.

मोंडो ग्रासच्या एका पिशवीतून बहुधा अनेक फुटवे निघतात. हाताने हलकेच वेगळे करा, गरज पडली तर चाकू लावा. प्रत्येक फुटव्याला काही पानं आणि काही मुळं असली की झालं. आपल्याकडे पावसाळ्याचं तोंड ही चांगली वेळ. काळी चिकट माती असेल तर त्याआधी तिच्यात जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, कारण पाणी साचून राहिलं तर गड्डा कुजतो. झाडाची मोठी मुळं तोडायची नाहीत. त्यांच्या मधल्या खळग्यांतच रोपं बसवायची. पानं जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीवर राहायला हवा, खाली पुरला जाता कामा नये. लावताना प्रत्येक रोपाशी बोटाने तपासा. हे सांगून झालं. मुख्य प्रश्न पुढचा आहे. दोन रोपांमध्ये अंतर किती ठेवायचं?

इथे थांबा. हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही.

आपल्या शेतीला अंतराचं भान जुनं आहे. दोन ओळींतलं किती, दोन रोपांतलं किती, हे शेतकऱ्याच्या तोंडात असतं. कोकणात हापूसची कलमं पूर्वापार दहा-दहा मीटरवर लावतात, आणि ती मोकळी जागा कलम मोठं झाल्यावर त्याच्या उपयोगी येते. उजेड, वारा, कोळपायला वाट, यांसाठी पिकात अंतर ठेवतात आणि ते बहुधा शेवटपर्यंत राखतात. जमीन झाकणाऱ्या रोपाचं अंतर निराळं. ते भरून जावं म्हणूनच ठेवायचं असतं.

हिशेब करून बघा. एक चौरस मीटरमध्ये वीस सेंटीमीटर अंतराने लावलं तर 25 फुटवे लागतात. दहा सेंटीमीटरने लावलं तर 100. अंतर निम्मं केलं की रोपं चौपट. दहा चौरस मीटरच्या पट्टीला एका हिशेबाने अडीचशे, दुसऱ्याने हजार. नेहमीच्या जातीला पंधरा ते वीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत पुरते. बुटकी जात हळू पसरते, तिला आठ-दहा सेंटीमीटर द्यावं लागतं. ज्यांना पुढच्या महिन्यातल्या वास्तुशांतीला बाग भरलेली दाखवायची असते ते खेटून लावायला सांगतात, आणि काम घेणाऱ्यालाही ते परवडतं. माझं मत स्पष्ट आहे. घाईसाठी चौपट पैसे मोजणाऱ्याला हे रोप कळलेलं नाही. त्या पांढऱ्या फांदीला पसरायला जागा मिळाली तरच ती पसरते, आणि तिने स्वतः भरलेली जागा आपण भरलेल्या जागेपेक्षा सुंदर दिसते. तिची वाट सरळ ओळीत नसते.

तर वीतभर अंतरावर लावलेली पट्टी डोळ्यांसमोर आणा. अडीचशे छोटे झुबके, आणि त्यांच्यामध्ये माती. पहिल्या दिवशी तुम्हाला झुबक्यांपेक्षा माती जास्त दिसेल. पहिलं पूर्ण वर्ष तेच दिसेल. वर काही घडताना दिसत नाही, खाली मुळं बसत असतात. दुसऱ्या पावसाळ्यात झुबके रुंद होतात आणि मधल्या मातीत कुठे कुठे एखादं नवं पातं सुईसारखं वर येतं. तिसऱ्या वर्षी जागा मिटत येते. चांगली सावली, नियमित पाणी आणि निचऱ्याची जमीन मिळाली तर हा काळ थोडा कमी होतो. रोप मुळातच संथ आहे. खत ओतून ते धावत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत पातळ पसरलं की त्याचं भागतं.

या दोन-तीन वर्षांत तुम्ही नेमकं काय सांभाळत असता, याचा विचार करा. रोपांना फारसं काही लागत नाही. पहिल्या हंगामात ओल राखायची; पुढे वरची बोटभर माती सुकली की झारीने पाणी घालायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन थेट आलं तर पानांची टोकं करपतात, तेव्हा सावलीकडे लक्ष ठेवायचं. एवढंच. तुमचा बहुतेक वेळ झुबक्यांवर जात नाही, तो मधल्या मातीवर जातो. तिथेच तण येतं, तिथेच पाऊस आपटतो, तिथूनच माती वाहते. जमीन झाकायचं रोप लावणं म्हणजे दोन-तीन वर्षं रिकाम्या जागेची राखण करणं. हे ज्याने आधीच मनाशी मान्य केलं त्याची बाग होते. ज्याने फक्त रोपं लावली, त्याच्या पट्टीत दुसऱ्या श्रावणात लव्हाळा दिसतो.

लव्हाळ्याविषयी सावकाश बोलायला हवं, कारण आपल्याकडे या रोपाचा खरा सामना त्याच्याशी असतो. लव्हाळ्याच्याही जमिनीखाली गाठी असतात, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, साखळीने. वरून पात उपटली तर ती तुटून हातात येते आणि गाठ खाली राहून पुन्हा फुटते. म्हणून लावणीच्या आधी, उन्हाळ्यातच, जागा वीतभर खोल खणून या गाठी वेचून काढाव्या लागतात. त्या वेळी केलेली एक दिवसाची मेहनत नंतरची दोन वर्षं वाचवते. हरळीचंही तसंच. तिचे धुमारे एकदा झुबक्यात शिरले की सोडवताना मोंडो ग्रासच उपटून येतं.

लावल्यानंतर मात्र खुरपं फार खोल चालवता येत नाही. आपल्याला हवी असलेली पांढरी फांदी त्याच मातीत, त्याच खोलीवर चाललेली असते. तण काढायच्या त्याच फटक्यात ती तुटू शकते. म्हणून ही खुरपणी बोटांनी करायची. पाऊस पडून गेल्यावर, माती नरम असताना बसा. डोळे थोडा वेळ मिटा आणि एक पातं बोटांत धरा. चिमटीत फिरवून बघा. लव्हाळ्याचा दांडा तीनधारी असतो, बोटांत तो गोल फिरत नाही, कडा लागतात. मोंडो ग्रासला असा दांडा नसतो. पान थेट गड्ड्यातून येतं, जाडसर लागतं आणि कडेला ती बारीक खरखर असते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला स्पर्श तो हाच. आता डोळे उघडून खात्री करा. काही आठवड्यांत बोटांना ओळख पटते. मग केना, आंबुशी, गाजरगवताचं कोवळं रोप, सगळं हाताला वेगळं कळायला लागतं आणि काम शांतपणे होतं. बागकामात मन एकाग्र होण्याचे जे काही क्षण मला ठाऊक आहेत, त्यांतला हा सगळ्यात खात्रीचा.

मधली माती उघडी ठेवायचीही गरज नाही. झाडाचाच वाळलेला पाला हाताने चुरून तिच्यावर पातळ पसरा, गड्ड्यांवर मात्र येऊ देऊ नका. भिंतीवरचे शिंतोडे पहिल्याच पावसाळ्यात कमी झालेले दिसतील. आंब्या-फणसाची मोठी पानं झुबक्यांवर साचली तर उचलून बाजूला करा. चिंचेची बारीक पानं पात्यांमधून खाली उतरतात आणि तिथेच कुजतात, ती राहू द्या. पावसाळ्यात गोगलगायी या गार आडोशाला येतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन त्या हाताने वेचाव्यात, विशेषतः मोठ्या शंखाच्या आफ्रिकी गोगलगायी, कारण त्या शेजारच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात. हातात मोजे घाला.

हे रोप पायाखाली तुडवून घेत नाही. लॉनवर मुलं खेळतात तशी यावर खेळू शकणार नाहीत. वाट हवी असेल तर मध्ये फरश्या टाका आणि त्यांच्या सांध्यांत बुटकी जात लावा. दाराजवळही बुटकीच बरी. घरातल्या वडीलधाऱ्यांना उंच दाट झुबक्यात काही दडून बसेल अशी धास्ती वाटते, आणि ती धास्ती मान ठेवण्याजोगी आहे. कातरीने वारंवार कापत बसू नका. लॉनसारखी समान उंची याला शोभत नाही, आणि कापलेल्या पानाचं थोटकं टोक तपकिरी पडून तसंच दिसत राहतं. पानं फारच जुनाट, करपलेली झाली असतील तर थंडी सरताना, नवी फूट येण्याआधी, वर्षातून एकदा वरून छाटा. गड्ड्याला धक्का लागू देऊ नका.

आता थोडं निळ्या रंगाविषयी.

उन्हाळ्यात या झुबक्यांत बुटके दांडे येतात आणि त्यांवर पांढरी किंवा फिकट जांभळी, खाली मान घातलेली छोटी फुलं लागतात. पानांपेक्षा दांडा आखूड असल्यामुळे पानं बाजूला केल्याशिवाय ती दिसत नाहीत. फूल गेल्यावर एक विलक्षण गोष्ट घडते. बीजकोशाची भिंत लवकरच फाटते आणि बी उघड्यावरच वाढतं. ज्याला आपण फळ समजतो ते खरं तर मांसल सालीचं बी असतं. आणि ते गडद, चकचकीत निळं असतं. जपानमध्ये हे मणी थंडीभर पानांत टिकतात आणि हायकूच्या परंपरेत ते हिवाळ्याची खूण मानले जातात. तिथली मुलं पूर्वी त्यांची निळी साल काढून आतलं टणक पांढरट बी जमिनीवर आपटून उसळवत.

आपल्या पट्टीत ते कधी धरले, तर बसून, दोन्ही हातांनी पानं दुभंगून बघा. झाडापानांत असा निळा फार थोड्या ठिकाणी भेटतो. वरून चालत जाणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसावा अशी या रोपाची काही धडपडही नाही. बघून झालं की पानं पुन्हा आपल्या जागी पडू द्या. बी रुजवायचं असेल तर ताजं असतानाच साल पूर्ण काढून, धुऊन, सावलीत ओलसर मातीत टाकावं. पण त्यातून झुबका व्हायला फार काळ लागतो आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या जाती बियांपासून तशाच येत नाहीत. त्यामुळे आपल्याला फुटवेच बरे.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. हे रोप कुंपणाच्या आतलं आहे. ज्या टेकडीवर, ज्या देवराईच्या कडेला आपली स्वतःची जमीन झाकणारी झुडपं, नेचे आणि कंद आधीपासून आहेत, तिथे ते नेऊन लावू नये. तिथल्या मातीची राखण करणारे आधीच कामाला लागलेले असतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथला पाला झाडून, तिथली रानटी झुडपं काढून एकसारखं हिरवं काहीतरी लावलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. आपल्याला सांभाळायची ती बांधकामाने उघडी पडलेली, सावलीत अडकलेली, कोणी न बघितलेली पट्टी.

आता पुन्हा एकदा त्या पट्टीकडे बघा. मनाने तिच्यावर वीतवीतभर अंतरावर खुणा करा. प्रत्येक खुणेच्या मधली माती पुढची दोन-तीन वर्षं तुमची आहे. तिच्यासाठी आठवड्यातून अर्धा तास देता येईल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे पाला पसरून ठेवा. जमिनीला तेवढंही चालतं, आणि लावून वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. उत्तर ‘हो’ असेल तर या उन्हाळ्यात लव्हाळ्याच्या गाठी काढा आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की फुटवे लावा. चौथ्या वर्षी झुबके दाटले की कडेचे काही उपटून वेगळे करा आणि ज्या शेजाऱ्याच्या भिंतीवर चिखलाचे शिंतोडे दिसतात त्याला नेऊन द्या. देताना अंतर किती ठेवायचं तेही सांगा.